सुकेळ्यांच्या गावात बेदाणेवाली

तासगावहून निघताना मी एका पिशवीत बेदाणे घेतले आणि डोक्यात भरपूर आगाऊपणा. बेदाणे वसईत पहिल्याच दिवशी वाटून संपले. आगाऊपणा संपायला पाच दिवस लागले, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

आमचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षं द्रावणात बुडवायची, जाळ्यांवर पसरायची, वारा खेळू द्यायचा आणि बेदाणा तयार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लग्न झाल्यापासून मी हेच करते आहे. त्यामुळे वाळवण्याच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, अशी माझी ठाम समजूत होती. आमचे हे तर म्हणतात, हिला कलिंगड दिलं तरी ही आधी वाळत घालील.

मागे पुण्यात एका प्रदर्शनात माझ्या शेजारच्या टेबलावर वसईतल्या नंदाखाल गावची ग्रेसी होती. चाळिशीची, शांत, बोलताना चष्मा वर सारणारी. तिनं केळीच्या वाळक्या पानात बांधलेली एक पुडी सोडली आणि मला एक सुकेळं (वाळवलेलं अख्खं केळं) दिलं. तपकिरी, चिकट, आणि गोडी अशी की जिभेवरून हलेना. मी लाज सोडून आणखी दोन मागून घेतली.

“हे करतं कोण?” मी विचारलं.

“माझी सासू. राजेळी केळ्यांची करते. पण आता तिचे गुडघे गेलेत. ती म्हणते, हा शेवटचा नाताळ. मग राजेळी काढून टाकायची आणि वेलची केळी लावायची.”

“आणि तू?”

“मला ती केळी सोलायला आणि टोपल्या उचलायला देते फक्त. बाकी सगळं तिच्या हातात. माझ्या मनात आहे की ड्रायरमध्ये करून बघावं. एकदा तिच्यासारखी झाली ना ताई, तर ती राजेळी ठेवील. तुम्ही वाळवणातल्या आहात, याल का?”

असं कुणी विचारलं की मी विरघळते. द्राक्षांच्या छाटण्या झाल्या, डिसेंबर लागला, आणि मी सांगलीहून विरारकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले.

सकाळी वसई फाट्यावर उतरले तेव्हा समोर ट्रक, धूळ आणि गोदामांचे पत्रे. मनात म्हटलं, इथे कसली आली केळी. ग्रेसी स्कूटर घेऊन आली होती. पूल ओलांडला, मग इमारतीच इमारती, बाल्कन्यांतून वाळत घातलेले कपडे, शाळेच्या बस. आणि मग एका वळणानंतर एकदम सावली आली. दोन्ही बाजूंना नारळ, केळी, पानांचे वेल, मधूनच शेवाळलेलं बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं). रस्त्याकडेला पांढरे क्रूस आणि त्यांना ताज्या झेंडूच्या माळा. घरांवर नाताळचे तारे टांगायला सुरुवात झाली होती. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं. इतकं हिरवं एकदम बघितलं की आम्हाला थोडा रागच येतो.

नंदाखालला ग्रेसीचं घर वाडीच्या आत आहे. अंगणात मोनिकामावशी, म्हणजे तिच्या सासूबाई, खुर्चीत बसून केळीची वाळकी पानं पुसत होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, अंगानं काटक, नजर अशी की माणसाची ओल-सुक तपासावी. घरात सगळे त्यांना ‘आय’ म्हणतात. आपसात ती माणसं त्यांच्या घरच्या बोलीत बोलतात आणि त्यातलं मला चार शब्दांतला एक कळत होता. माझ्याशी मात्र मावशी सावकाश, मला कळेल असं बोलल्या.

“तू द्राक्षं सुकवतेस म्हने.”

“हो. टनांनी.”

“मग इथं काय कमी पडलं?” असं म्हणून त्यांनी माझे बेदाणे तोंडात टाकले आणि चघळत राहिल्या. “चांगलं हाय,” त्या शेवटी म्हणाल्या. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

घरामागे मांडव होता. बांबू आणि कारवीच्या काठ्यांचा, छातीएवढ्या उंचीचा, चढायला दोन पायऱ्यांची शिडी. सोललेली राजेळी केळी सकाळी त्यावर मांडायची आणि संध्याकाळी एकेक उचलून टोपलीत भरून घरात आणायची. असं आठवडाभर. ही दोन पायऱ्यांची शिडीच मावशींना जड झाली होती. तेव्हा दोन लोंगरं (केळीचे घड) पिकून तयार होती. मावशींनी एक ग्रेसीच्या ड्रायरच्या प्रयोगासाठी दिलं आणि दुसरं गवतात झाकून ठेवलं.

“बिघडवू नको,” त्या ग्रेसीला म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोललेली केळी घेऊन सातिवलीच्या ड्रायरवाल्याकडे निघालो आणि वाटेत गिरीजला थांबलो. ते ग्रेसीचं माहेर. तिच्या वहिनीनं गच्चीवर पारदर्शक पत्र्याची एक खोली उभारली आहे, उन्हावर चालणारा ड्रायर. आत शेवग्याचा पाला आणि आल्याच्या चकत्या पसरलेल्या होत्या. दार उघडलं की गरम वाफेसोबत असा वास आला की मला भूक लागली. “पाल्याला एक नंबर,” वहिनी म्हणाली, “पण केळं टाकलं तर संध्याकाळी खाऱ्या हवेनं परत नरम पडतं.” मग तिनं ताटलीभर फुगे (अंडं घालून आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) आणि चहा पुढे ठेवला. मी पाच खाल्ले. सहावा ग्रेसीनं वाटेसाठी कागदात गुंडाळून दिला.

तिथून परत पूर्वेला, सातिवलीला. एका गाळ्यात कात्रीचा कारखाना, पुढच्यात खोके, आणि तिसऱ्यात ग्रेसीनं गाठलेले ड्रायरवाले सावंत. मूळचे मालवणचे, मुंबईतली नोकरी सोडून त्यांनी हा गाळा घेतलेला. कपाटाएवढं स्टीलचं मशीन, आत एकाखाली एक ट्रे, मागे पंखा, ओली हवा बाहेर काढायला नळकांडं. चिकूच्या फोडी, टोमॅटोची पूड, कांद्याचे काप, जे येईल ते वाळवून देतात. माणूस मोठा उमदा.

“काकी, नो टेन्शन,” सावंत म्हणाले. “टेम्परेचर सेट केलं की झालं. मी संध्याकाळी बंद करून जातो, सकाळी परत चालू.”

आणि इथे मी माझी अक्कल पाजळली.

“बंद कशाला करता?” मी म्हटलं. “एकदा टाकलं की हात लावायचा नाही. आमच्याकडे बेदाणा जाळीवर गेला की होईपर्यंत तिथेच असतो. आणि उष्णता जरा वाढवा, लवकर होईल.”

ग्रेसी हळूच म्हणाली, “पण ताई, आय रोज संध्याकाळी काढते.”

“अगं, ते दवासाठी. उघड्यावर दव पडतं म्हणून काढत असतील. या कपाटात कुठलं आलंय दव?”

कारण इतकं पटण्यासारखं होतं की तिघांनाही पटलं. सावंतांनी उष्णता वाढवली आणि रखवालदाराला सांगून मशीन रात्रभर चालू ठेवलं. मी परतीच्या वाटेवर ग्रेसीला बेदाण्याच्या प्रतवारीवर व्याख्यान दिलं. तिनं ते मुकाट ऐकलं, बिचारी.

तिसऱ्या दिवशी ट्रे बाहेर काढले. काय रंग आला होता म्हणून सांगू! गडद, तुकतुकीत, एकसारखा. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिले. डबा भरून आम्ही नंदाखालला आलो आणि मावशींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी एक केळं उचललं, दोन बोटांत दाबलं, आणि मोडलं. वरून चामड्यासारखी साल धरलेली आणि आत पिवळा, ओला, आंबूस वासाचा गर. दुसरं मोडलं, तसंच. तिसरं मोडलं नाही, डब्यात परत ठेवलं.

“वरनं दार लावून घेतलं त्यानं,” त्या म्हणाल्या. “आतली ओल आतच मेली.”

अख्खं लोंगर वाया गेलं होतं. ग्रेसीनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसली. मावशी उठता उठता म्हणाल्या, “आता एकच लोंगर हाय. ते मी मांडवावर घालते. नाताळापुरतं व्हईल. मग बस.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक सावंतांची नव्हती, ग्रेसीची तर नव्हतीच. तिनं मला रोखायचा प्रयत्न केला होता आणि मी तिला गप्प केलं होतं. दुपारी जेवणात खोबऱ्याच्या रसातली कोलंबी होती, ती मी ताटात तशीच ठेवली. मी मावशींकडे गेले आणि सरळ सांगितलं, “मशीन चालू ठेवायला मी सांगितलं. उष्णताही मीच वाढवली. ग्रेसी नको म्हणत होती.”

“उद्या सकाळी शिडी धर,” मावशी एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी शिडी धरली. मग मीच वर चढले, कारण त्या पहिल्या पायरीवर थांबून श्वास घेत होत्या ते मला बघवेना. केळी मांडली. दुपारी उलटली. ऊन उतरायच्या आत त्यांनी हाक मारली. टोपलीत वाळकी पानं अंथरायची, त्यावर केळी एकमेकांना खेटून रचायची, वर पुन्हा पानं आणि फडकं. ग्रेसी माझ्या शेजारी बसून रचत होती. टोपलीत ठेवताना केळी वरून अगदी कोरडी होती, बोटाला चिकटतसुद्धा नव्हती.

सकाळी मावशींनी फडकं काढलं आणि म्हणाल्या, “हात लाव.”

केळी ओलसर होती. जणू रात्री कुणी ओल्या हातानं पुसून ठेवली.

“दव लागलं?” मी विचारलं.

“घरात कुठलं दव? ही त्याच्या पोटातली ओल. रातभर गप ठेवलं की ती वर येते. मग ऊन ती घेऊन जाते. परत ठेवायचं, परत येते. दव म्हनून काढते असं कोन बोललं तुला?”

“मीच बोलले,” मी म्हटलं.

मावशी हसल्या. तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत, चांगल्या खळखळून हसल्या. ग्रेसी मात्र हसत नव्हती. ती ओल्या केळ्यावर बोट फिरवत होती.

“आय, वीस वर्षं मी ही टोपली उचलतेय,” ती म्हणाली. “तू मला हे कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी इचारलं नायस.”

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. द्राक्षाला साल असते. आम्ही द्रावणात बुडवून तिला बारीक चिरा पाडतो, मग ओल आपोआप बाहेर येत राहते. म्हणून आमचं हात न लावणं चालतं. सोललेल्या केळ्याला साल नाही, घाई केली की ते स्वतःच नवी साल धरतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी टनांच्या गप्पा मारत होते. मी दोघींना हे सांगितलं. मावशींनी लक्ष देऊन ऐकलं, मग म्हणाल्या, “म्हंजे मशीनला पन रात्री गप बसवायचं.”

“बसवता येईल,” ग्रेसी म्हणाली.

“मला घेऊन चल.”

अशा रीतीनं शेवटचं लोंगर सातिवलीला निघालं. मी रिक्षात टोपल्या धरून, मावशी स्कूटरवर ग्रेसीच्या मागे, एका बाजूला पाय सोडून. सावंतांनी खुर्ची पुसून दिली. मावशी बसल्या नाहीत. त्यांनी एक ट्रे काढून नाकाशी धरला.

“कांदा,” त्या म्हणाल्या.

सावंतांनी ट्रे धुऊन आणले. त्यांनी परत हुंगले. “कांदा.” तिसऱ्यांदा सावंतांनी चिंचेच्या पाण्यानं घासले तेव्हा कुठे मान हलली. “काकी, फॅक्टरी इन्स्पेक्शनला पण इतकं कडक नसतं,” सावंत माझ्या कानाशी पुटपुटले.

मग रोजचा क्रम ठरला. सकाळी केळी मशीनमध्ये, उष्णता बेताची, चटका बसणार नाही इतपत. ऊन उतरायच्या वेळेला आम्ही जायचं, केळी काढून पानांच्या टोपलीत रचायची, फडकं टाकायचं आणि टोपली गाळ्याच्या कोपऱ्यात गप ठेवायची. सकाळी ओल आली का बघून परत आत. चार दिवसांसाठी आलेली मी, घरी फोन करून मुक्काम वाढवत गेले. आमचे हे म्हणाले, “तिथेच शेड टाक.”

मधल्या एका दुपारी ग्रेसीनं मला अर्नाळ्याला नेलं. किनाऱ्यावर बांबूंच्या रांगांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगले होते, वाऱ्यावर डुलत होते. वाळवण म्हटलं की मला राहवत नाही. एका कोळीणबाईंना विचारलं, “झाला हे कसं ओळखता?”

“पानी गेलं का हलका व्हतो,” त्या म्हणाल्या. “हाताला कलतं.”

“आणि हाताला कळलं नाही तर?”

“मंग सासू बोलते,” त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या दोघी हसल्या. ग्रेसी पण हसली, पण जरा उशिरा.

हे लोंगर वाळत घातल्यापासून सातव्या दिवशी सातिवलीत मावशींनी टोपलीवरचं फडकं काढलं. एक केळं उचललं, दाबलं, वाकवलं. आम्ही तिघं श्वास धरून उभे. मग त्यांनी ते केळं ग्रेसीच्या हातावर ठेवलं.

“बघ.”

ग्रेसीनं आधी हात पदराला पुसले. केळं दाबलं, मधून वाकवलं, टोकाकडून परत दाबलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला विचाराल तर माल तयार होता. सावंतांनाही तसंच वाटत होतं, ते म्हणालेही, “एकदम परफेक्ट आहे.” माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड काम होतं.

“अजून एक दिवस, आय,” ग्रेसी म्हणाली. “मधोमध थंड लागतंय.”

मावशींनी केळं तिच्या हातातून घेतलं, परत टोपलीत ठेवलं आणि पान झाकलं. “एक दिवस,” त्या सावंतांना म्हणाल्या. स्वतः परत दाबून बघितलं नाही.

आठव्या दिवशी सुकेळी घरी आली. मावशींनी एक मधोमध मोडलं, आत-बाहेर एकच रंग. अर्धं त्यांनी खाल्लं, अर्धं मला दिलं. पुण्यात खाल्लेल्यापेक्षा रंगानं जरा फिकं, पण गोडी तीच, जिभेवर बसणारी. मी डोळे पुसले आणि कोणी विचारलंच तर तिखटाचं कारण सांगायचं ठरवलं, पण तिथे तिखट काहीच नव्हतं.

मावशी ग्रेसीला त्यांच्या बोलीत काहीतरी लांबलचक म्हणाल्या. ग्रेसी ऐकता ऐकता खाली बसली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“राजेळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) निवडून ठेव म्हणते, पावसाआधी खड्डे घ्यायचे,” ग्रेसी म्हणाली. “आणि म्हणते, पुढच्या लोंगराला मला स्कूटरवर बसवू नको. तुझं तू कर.”

“गुडघे दुखतात माझे,” मावशी मला म्हणाल्या, आणि पानं पुसायला लागल्या.

मी परत आले. वसई फाट्यावर बस मिळाली आणि झोपेत घाट कधी चढला कळलं नाही. तासगावात उतरले तर सगळं कोरडं, मोकळं, आभाळ मोठं. शेडमध्ये रिकाम्या जाळ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. माझ्या सुनेला मी बेदाणा कधी काढायचा हे कधी सांगितलं आहे का, आठवून बघितलं. ती दहा वर्षं माझ्या मागे जाळ्या उचलते आहे. तिनं विचारलं नाही, आणि मी हाताला कळतं असं म्हणत राहिले. यंदा पहिली जाळी तिच्या हातात द्यायची असं मी ठरवलं आहे. लिहून ठेवते, म्हणजे मागे घेता येणार नाही.

फेब्रुवारीत नंदाखालहून एक खोकं आलं. आत केळीच्या पानात बांधलेल्या पुड्या आणि ग्रेसीची चिठ्ठी: “ताई, हे लोंगर सगळं माझं. आयनं टोपलीकडे बघितलं पण नाही. कशी झालीत ते खरं खरं कळवा.”

मी एकेक पुडी सोडली. सुरेख झाली होती. एकच जरा मधोमध थंड लागत होतं, अजून एक दिवस हवा होता त्याला. ते मी तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकलं आणि तिला फोन करून सांगितलं, सगळी उत्तम आहेत.